पातूरची पाटी, बेळगावची विषयपत्रिका: अल्पसंख्याकांना गावाच्या कारभारात किती हक्क आहे?

नगरपालिकेच्या इमारतीवर एक पाटी. वर मराठीत नाव, खाली तेच नाव उर्दूत. रोज शेकडो माणसं त्या पाटीखालून जातात. कुणी घरपट्टी भरायला, कुणी जन्माचा दाखला काढायला, कुणी नळाची तक्रार घेऊन.

ही पाटी आहे अकोला जिल्ह्यातल्या पातूरची. तिच्यावरचा वाद नगरपालिकेच्या सभागृहात सुरू झाला आणि थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. पाच वर्षं चालला. १५ एप्रिल २०२५ ला निकाल आला की पाटीवरची उर्दू राहू शकते.

निकाल आला तेव्हा सोशल मीडियावर दोन दिवस भरपूर राडा झाला. 'महाराष्ट्रात मराठीच' एका बाजूला, 'उर्दूचा विजय' दुसऱ्या बाजूला. या गोंधळात मूळ प्रश्न मागे पडला. आपल्या गावात, शहरात जे संख्येनं कमी आहेत, त्यांना तिथल्या सार्वजनिक जीवनात भाग घेण्याचा हक्क नेमका किती आहे? तो कुठे लिहिलाय? आणि हाच प्रश्न मराठी माणूस अल्पसंख्याक असलेल्या बेळगावात विचारला, तर आपलं उत्तर तेच राहतं का?

समजून घेऊया.

पातूरमध्ये नेमकं काय झालं होतं?

पातूर नगरपालिकेच्या नव्या इमारतीवर मराठीच्या खाली उर्दूत नाव लिहिलं होतं. एका माजी नगरसेविकेनं यावर आक्षेप घेतला. नगरपालिकेचं कामकाज मराठीतच व्हायला हवं, त्यामुळे पाटीवरही उर्दू चालणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये नगरपालिकेनं बहुमतानं हा आक्षेप फेटाळला. १९५६ पासून इथे उर्दूचा वापर होत आला आहे आणि स्थानिक लोकांना ती भाषा कळते, असं नगरपालिकेनं सांगितलं.

मग प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. डिसेंबर २०२० मध्ये जिल्हाधिकाऱ्यांनी पूर्ण मराठी वापरण्याच्या बाजूनं आदेश दिला. काही नगरसेवक त्याविरोधात अमरावतीच्या विभागीय आयुक्तांकडे गेले. आयुक्तांनी एप्रिल २०२१ मध्ये जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश रद्द केला. पुढे मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ आणि मग सर्वोच्च न्यायालय.

मध्येच एक वळण आलं. २०२२ मध्ये महाराष्ट्रानं स्थानिक प्राधिकरणांच्या राजभाषेचा स्वतंत्र कायदा केला. नगरपालिका, महापालिका, जिल्हा परिषदा यांचा कारभार मराठीत चालला पाहिजे, हे त्यात स्पष्ट झालं. या नव्या कायद्यामुळे पातूरचा वाद नव्यानं उच्च न्यायालयात आला. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयानं सांगितलं की कायदा मराठी सक्तीची करतो, पण मराठीसोबत दुसरी भाषा वापरायला बंदी घालत नाही. वर्षभरानं सर्वोच्च न्यायालयानं तेच कायम केलं.

सर्वोच्च न्यायालय काय म्हणालं?

न्यायमूर्ती सुधांशू धुलिया आणि न्यायमूर्ती के. विनोद चंद्रन यांच्या खंडपीठाचा हा निकाल. त्यातले तीन मुद्दे लक्षात ठेवण्यासारखे आहेत.

पहिला, भाषा म्हणजे धर्म नव्हे. भाषा प्रदेशाची आणि लोकांची असते. उर्दू इथेच जन्मली, मराठी आणि हिंदीसारखीच ती इंडो-आर्यन भाषा आहे, हेही न्यायालयानं सांगितलं.

दुसरा, भाषेचं मुख्य काम संवाद. नगरपालिका लोकांच्या रोजच्या गरजा भागवण्यासाठी असते. तिथल्या काही लोकांना उर्दू वाचता येत असेल, तर मराठीसोबत उर्दूत नाव लिहायला हरकत घेण्याचं कारण नाही.

तिसरा, आपल्या रोजच्या आणि कोर्टाच्या भाषेतही उर्दूतून आलेले शब्द ठासून भरलेले आहेत. न्यायालयानं वकालतनामा, पेशी असे शब्द उदाहरण म्हणून दिले.

मराठीतली उदाहरणं तर नगरपालिकेच्या खिडकीवरच सापडतील. अर्ज, दाखला, तहसील, महसूल, जमीन, वकील हे सगळे शब्द अरबी-फारसीतून आलेले. पाटीवर उर्दू नको म्हणणारा तक्रार अर्जसुद्धा 'अर्ज' असतो.

एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी. या निकालानं उर्दूला पातूरची राजभाषा केलेलं नाही. प्रत्येक नगरपालिकेनं उर्दूत पाटी लावलीच पाहिजे, असंही म्हटलेलं नाही. निवडून आलेल्या नगरपालिकेनं स्थानिक लोकांसाठी दुसरी भाषा जोडायचं ठरवलं, तर कायदा तिला अडवत नाही, एवढंच न्यायालयानं सांगितलं.

मुळात 'अल्पसंख्याक' कोण?

आपल्याकडे हा शब्द ऐकला की डोळ्यांसमोर फक्त धर्म येतो. पण राज्यघटनेच्या कलम २९ आणि ३० मध्ये धर्मासोबत भाषाही आहे.

केंद्र सरकारनं सहा धार्मिक समुदायांना अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलं आहे. मुस्लीम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुस्लीम ११.५४ टक्के, बौद्ध ५.८१ टक्के, जैन १.२५ टक्के आणि ख्रिश्चन एक टक्क्याच्या किंचित खाली आहेत.

भाषेचं गणित राज्यागणिक बदलतं. २००२ च्या टी. एम. ए. पै खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शिक्षणसंस्थांच्या हक्कासाठी अल्पसंख्याक कोण हे राज्य धरून ठरवायचं. म्हणजे महाराष्ट्रात बहुसंख्य असलेला मराठी भाषक कर्नाटकात गेला की भाषिक अल्पसंख्याक होतो. २०११ च्या जनगणनेत कर्नाटकात सुमारे २० लाख लोकांनी मातृभाषा मराठी नोंदवली. महाराष्ट्रात उर्दू नोंदवणारे सुमारे ७५ लाख होते.

सीमा ओलांडली की तोच माणूस, तीच भाषा, पण बाजू बदललेली. हा मुद्दा पुढे कामाला येणार आहे.

सार्वजनिक जीवनात भाग घेणं म्हणजे फक्त मतदान का?

नाही. मतदान पाच वर्षांतून एकदा. नगरपालिकेशी किंवा ग्रामपंचायतीशी आपला संबंध मात्र रोजचा. सहभागाच्या हक्काचे निदान पाच भाग पाडता येतात:

१. मतदार यादीत नाव असणं आणि मत देता येणं.
२. निवडणुकीला उभं राहता येणं.
३. कारभार काय चाललाय ते कळणं. म्हणजे नोटीस, विषयपत्रिका, नियम आपल्याला वाचता येणं.
४. ग्रामसभेत, वॉर्डात बोलता येणं.
५. तक्रार करता येणं आणि ती ऐकली जाणं.

संयुक्त राष्ट्रांनी १८ डिसेंबर १९९२ ला अल्पसंख्याकांच्या हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. अल्पसंख्याकांना सांस्कृतिक, सामाजिक, आर्थिक आणि सार्वजनिक जीवनात परिणामकारकपणे भाग घेण्याचा हक्क आहे, असं त्याच्या दुसऱ्या कलमात म्हटलं आहे. आपल्याकडे १८ डिसेंबरला अल्पसंख्याक हक्क दिन साजरा होतो तो यामुळेच. जाहीरनाम्यातला 'परिणामकारकपणे' हा शब्द महत्त्वाचा. सभेत खुर्ची आहे, पण विषयपत्रिकाच वाचता येत नाही, तर त्या खुर्चीचा उपयोग किती?

मग अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा आहेत का?

इथे अनेकांचा गैरसमज असतो. १९९२ मध्ये संसदेनं ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती मंजूर केली. पंचायती आणि नगरपालिकांना घटनात्मक दर्जा मिळाला. त्यात अनुसूचित जाती-जमातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा आणि महिलांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्रानं महिलांचा वाटा नंतर ५० टक्के केला. ओबीसींना जागा द्यायच्या का, हे राज्यांवर सोडलं.

धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याक म्हणून मात्र एकही जागा राखीव नाही.

याला इतिहास आहे. ब्रिटिशांनी १९०९ मध्ये मुस्लिमांना स्वतंत्र मतदारसंघ दिले. फाळणीच्या अनुभवानंतर संविधान सभेनं ती पद्धत सोडून दिली. सुरुवातीला धार्मिक अल्पसंख्याकांसाठी संयुक्त मतदारसंघात राखीव जागा ठेवायचा विचार होता. मे १९४९ मध्ये तोही सोडला. धर्मावर जागा वाटायच्या नाहीत, सगळ्यांनी एकाच यादीतून एकाच मतपेटीत मत टाकायचं, हे तेव्हा ठरलं.

प्रत्यक्षात चित्र जरा गुंतागुंतीचं आहे. १९९० पासून बौद्ध झालेल्या दलितांना अनुसूचित जातीचा दर्जा मिळतो. त्यामुळे बौद्ध उमेदवार अनुसूचित जातीसाठी राखीव वॉर्डातून उभा राहू शकतो. त्याच वस्तीत ख्रिश्चन झालेल्या दलित कुटुंबातला तरुण राहू शकत नाही. बागवान, तांबोळी, विणकर अशा मुस्लीम समाजांतले उमेदवार ओबीसी जागांवर लढू शकतात, कारण तिथे निकष मागासलेपणाचा आहे. ओबीसी जागा अडकल्या की हा दरवाजाही बंद होतो. महाराष्ट्रात ओबीसी आरक्षणाचा वाद कोर्टात गेला आणि २०२२ नंतर अनेक महापालिका कित्येक वर्षं प्रशासकांच्या हाती राहिल्या. त्या काळात नगरसेवकच नव्हता. ज्याची मंत्रालयापर्यंत ओळख नाही, त्याच्यासाठी नगरसेवक हाच सगळ्यात जवळचा दरवाजा असतो.

ग्रामपंचायत ठराव करून कुणाला मतदार यादीबाहेर ठेवू शकते का?

हा प्रश्न हवेतला नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातल्या शिंगणापूर ग्रामपंचायतीचा एक ठराव व्हायरल झाला. गावात नव्यानं नोंद होणाऱ्या मुस्लीम मतदारांची नावं यादीत घेऊ नयेत, असा त्याचा आशय होता. टीका झाल्यावर सरपंचांनी दिलगिरी व्यक्त केली. बाहेरून आलेल्या बेकायदा घुसखोरांसाठी तो ठराव होता, असा खुलासाही करण्यात आला.

कायदा काय सांगतो?

राज्यघटनेचं कलम ३२५ म्हणतं की केवळ धर्म, वंश, जात किंवा लिंग या कारणावरून कुणालाही विधानसभा-लोकसभेच्या मतदार यादीसाठी अपात्र ठरवता येत नाही. पुढचं कलम ३२६ प्रौढ मताधिकाराचं. आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत जी यादी वापरली जाते ती विधानसभेच्या यादीवरूनच तयार होते.

म्हणजे मतदार यादी हा ग्रामपंचायतीच्या अधिकाराचा विषयच नाही. नाव घालायचं असेल तर अर्ज क्रमांक ६. एखाद्या नावावर हरकत असेल तर अर्ज क्रमांक ७, तोही त्या एका व्यक्तीबद्दल, कारण देऊन. त्यावर नोटीस आणि चौकशी होते. एखादी व्यक्ती भारतीय नागरिक नाही असा संशय असेल तर त्यासाठी ही रीतसर वाट आहे. अख्ख्या समाजाला एका ठरावात बाहेर काढायची वाट कायद्यात नाही.

तरीही अशा ठरावाचा परिणाम होतो. कायद्यानं तो शून्य असला तरी गावात त्याची चर्चा होते. ज्याचं नाव अजून यादीत नाही, असा अठरा वर्षांचा मुलगा अर्ज भरायला जाताना दोनदा विचार करतो. हक्क कागदावर शाबूत राहतो आणि माणूस घरी बसतो.

आता बेळगावला जाऊया

१ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना कायदा लागू झाला. पातूर ज्या अकोला जिल्ह्यात आहे, तो जिल्हा त्या दिवशी मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला. आणि बेळगाव त्याच दिवशी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. चंदगड तालुका तेवढा इकडे राहिला.

पुढचा इतिहास अनेकांना माहीत आहे. १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला. १९६७ च्या अहवालात त्यानं बेळगाव शहर म्हैसूरकडेच ठेवायला सांगितलं. २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूरला द्यावीत अशी शिफारस केली. महाराष्ट्रानं अहवाल नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला. दरवर्षी १ नोव्हेंबरला कर्नाटकात राज्योत्सव असतो आणि सीमाभागातले मराठी लोक काळा दिन पाळतात.

पण सीमा कुठे असावी हा एक प्रश्न आणि आज जिथे आहोत तिथल्या महापालिकेत आपला आवाज किती हा दुसरा. या लेखाचा विषय दुसरा आहे.

बेळगावच्या महापालिकेवर अनेक वर्षं महाराष्ट्र एकीकरण समितीचं वर्चस्व होतं. २००५ मध्ये महापालिकेनं महाराष्ट्रात सामील होण्याच्या मागणीचा ठराव केला. त्यानंतर राज्य सरकारनं महापालिका बरखास्त केली. २०११ मध्ये महापौर आणि उपमहापौर काळ्या दिनाच्या कार्यक्रमात सहभागी झाल्या आणि महापालिका पुन्हा बरखास्त झाली. नवी निवडणूक थेट २०१३ मध्ये झाली.

सीमाप्रश्नावर तुमचं मत काहीही असो. निवडून दिलेलं सभागृह गेलं, की मराठी, कन्नड, उर्दू बोलणाऱ्या सगळ्याच बेळगावकरांचा नगरसेवक गेला.

२०२१ च्या निवडणुकीत चित्र बदललं. ५८ पैकी ३५ जागा भाजपनं जिंकल्या आणि समिती मोजक्या जागांवर आली. भाजपकडून निवडून आलेल्यांत मराठी भाषक नगरसेवकही होते. यातून एक गोष्ट कळते. भाषिक अल्पसंख्याक म्हणजे एक गठ्ठा मत नसतं. मराठी बोलणारा माणूस रस्ते, पाणी, पक्ष, जात, उमेदवार असं सगळं बघून मत देतो. त्यानं समितीला मत दिलं नाही म्हणजे त्याला मराठीत नोटीस नको, असं होत नाही.

कारण ती मागणी अजून आहेच. महापालिकेच्या सभेची विषयपत्रिका आणि कागदपत्रं मराठीतही द्या, ही मराठी नगरसेवकांची जुनी मागणी. कन्नड संघटनांचा तिला तितकाच जुना विरोध. कर्नाटकात कन्नडच, असं त्यांचं म्हणणं. दुकानांच्या पाट्यांवर ६० टक्के जागा कन्नडला देण्याचा नियमही २०२४ मध्ये कायद्यात आला.

ओळखीचं वाटतंय ना? पातूरच्या वादात मराठीबद्दल जे बोललं गेलं, तेच बेळगावात कन्नडबद्दल बोललं जातं. शब्द तेच, फक्त भाषेचं नाव वेगळं.

किती टक्के लोक असले की भाषेला जागा मिळते?

याचं उत्तर १९५६ मध्येच दिलं गेलं होतं. राज्य पुनर्रचना आयोगाच्या शिफारशींवरून केंद्र सरकारनं भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणाबद्दल एक निवेदन तयार केलं. त्यातले आकडे थोडक्यात असे:

• राज्यात ३० टक्के किंवा जास्त लोक दुसरी भाषा बोलत असतील, तर ते राज्य कारभारासाठी द्विभाषिक मानावं.
• एखाद्या जिल्ह्यात ७० टक्के लोक राज्याच्या मुख्य भाषेहून वेगळी भाषा बोलत असतील, तर त्या जिल्ह्यात ती भाषा कारभाराची असावी.
• नगरपालिका किंवा तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक १५ ते २० टक्के असतील, तर महत्त्वाच्या सरकारी नोटिसा आणि नियम त्यांच्या भाषेतही छापावेत.

तिसरा मुद्दा परत वाचा. पातूर असो की बेळगाव, दोन्हीकडच्या वादाचं उत्तर जवळपास यात आहे. अडचण एवढीच की हे धोरण आहे, कायदा नाही. एखाद्या राज्यानं पाळलं नाही तर शिक्षा नाही.

तुलनेसाठी फिनलंड बघा. तिथे फिनिश आणि स्वीडिश या दोन राष्ट्रीय भाषा. एखाद्या नगरपालिकेत अल्पसंख्याक भाषेचे किमान ८ टक्के किंवा ३,००० लोक असतील, तर कायद्यानं ती नगरपालिका द्विभाषिक ठरते. मग दोन्ही भाषांत सेवा देणं तिची जबाबदारी. दर वेळी सभागृहात बहुमताची वाट बघावी लागत नाही, मोर्चा काढावा लागत नाही.

आपल्याकडे राष्ट्रपती कलम ३४७ खाली एखाद्या भाषेला राज्यात किंवा राज्याच्या एखाद्या भागात अधिकृत मान्यता द्यायला सांगू शकतात. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारीही आला, कलम ३५० ब. या आयुक्तांचं एक विभागीय कार्यालय बेळगावात होतं. पण आयुक्तांचं काम तपासणं आणि अहवाल देणं. आदेश देण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही.

मग राज्याच्या भाषेचं काय?

हा आक्षेप रास्त आहे आणि तो टाळून चालणार नाही. मुंबईत किंवा पुण्यात मराठी बोलायला नकार देणाऱ्यांचे व्हिडिओ दर महिन्याला येतात. आपल्याच राज्यात आपली भाषा मागे पडेल ही भीती खोटी नाही. बेळगावात कन्नड माणसाला वाटणारी भीतीही याच जातीची.

न्यायालयांनी ही बाजूही बघितली आहे. महाराष्ट्रातल्या शाळांमध्ये मराठी शिकवणं बंधनकारक करण्याला गुजराती भाषिक अल्पसंख्याकांच्या शाळांनी आव्हान दिलं होतं. २००४ च्या उषा मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सरकारची बाजू मान्य केली. ज्या राज्यात राहता तिथली भाषा शिकायला लावणं हा अल्पसंख्याकांच्या हक्कावरचा घाला नाही, असा त्याचा अर्थ.

दोन्ही निकाल शेजारी ठेवले की नियम स्पष्ट होतो. राज्याची भाषा सक्तीची असू शकते. तिच्या सोबत दुसरी भाषा वापरणं त्यामुळे गुन्हा होत नाही. पातूरच्या पाटीवर मराठी वर होती, ठळक होती आणि कायम आहे. उर्दूची ओळ पुसली असती तर मराठीला एक अक्षरही जास्त मिळालं नसतं.

हक्क वापरायचा कसा?

तुम्ही किंवा तुमच्या ओळखीचं कुणी या परिस्थितीत असेल, तर या गोष्टी माहीत हव्यात.

ग्रामसभा: गावाच्या मतदार यादीत नाव असलेली प्रत्येक व्यक्ती ग्रामसभेची सदस्य असते. जात, धर्म, भाषा यांचा संबंध नाही. ग्रामसभेत येऊ नका असं कुणीही सांगू शकत नाही. गणपूर्तीसाठी १५ टक्के किंवा १०० मतदार, यांत जो आकडा कमी असेल तो लागतो. म्हणजे हजार-दीड हजार मतदारांच्या गावात शंभर माणसं निर्णय घेतात. तिथे वीस माणसं गेली तरी फरक पडतो.

बेकायदा ठराव: ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेनं केलेला प्रत्येक ठराव कायदेशीर असतोच असं नाही. ठरावाची प्रत मागा आणि वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. नगरपालिकेच्या बाबतीत ठरावाची अंमलबजावणी रोखण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. पातूरमध्ये हाच दरवाजा ठोठावला गेला होता, तोही पाटीच्या विरोधात. आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या वर विभागीय आयुक्त असतात, हेही पातूरनंच दाखवलं.

तक्रारीची भाषा: कलम ३५० नुसार केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत तुम्ही कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडू शकता. बेळगावातला माणूस मराठीत लिहू शकतो, मालेगावातला उर्दूत. भाषेचं कारण देऊन तक्रार नाकारता येत नाही. उत्तर मात्र त्याच भाषेत मिळेल अशी हमी या कलमात नाही.

माहिती अधिकार: इथे नियम वेगळा आहे. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या अधिकृत भाषेत करायचा असतो. बेळगावात मराठीत केलेला अर्ज अडकू शकतो, म्हणून हिंदी किंवा इंग्रजी वापरणं सोयीचं.

मतदार यादी: निवडणूक जाहीर व्हायची वाट बघू नका. नाव आहे का ते आधीच तपासा. प्रारूप यादीवर हरकतींसाठी दिलेली मुदत अनेकदा कमी असते.

शेवटी एक साधी चाचणी

कुठल्याही शहरातला असा वाद टाइमलाइनवर दिसला की मत ठरवण्याआधी एक गोष्ट करून बघा. दोन्ही भाषांची किंवा दोन्ही समाजांची नावं अदलाबदल करा. पातूरच्या जागी बेळगाव ठेवा, उर्दूच्या जागी मराठी. मग तुमचं उत्तर बदलतं का ते बघा.

बेळगाव महापालिकेत मराठीत विषयपत्रिका मागणाऱ्या नगरसेवकाची बाजू घ्यायची असेल, तर पातूरच्या निकालापेक्षा चांगला आधार मिळणं कठीण आहे. पण तो आधार घ्यायचा तर पातूरची पाटीही मान्य करावी लागते.

पातूरच्या नगरपालिकेत आजही घरपट्टी भरायची खिडकी एकच आहे. रांगही एकच आहे. वरच्या दोन ओळींपैकी कोण कुठली वाचून आत आला, हे खिडकीमागच्या कारकुनाला विचारावं लागत नाही.